कडीवरचा टॉवेल

माझी सुट्टी मंगळवारी असते. रविवारी आई पांढरी साडी नेसून विहारात निघते, तेव्हा मी डबा पिशवीत घालून कोपऱ्यावर रिक्षाची वाट बघत उभी असते. आणि मंगळवारी सगळं सोलापूर कामाला गेलेलं असतं, तेव्हा मी घरात. सुरुवातीला मला हे आवडलं होतं. मी गर्दीत रमणारी मुलगी नाही. सुट्टीच्या दिवशी कुणी भेटायला बोलावणार नाही, एवढ्यानेच मला सुटल्यासारखं वाटायचं.

नोकरी एका खासगी दवाखान्यात. तळमजल्यावर, औषधांच्या दुकानाशेजारी, काचेच्या खिडकीमागचं कॅशलेस डेस्क. ज्या पेशंटचा विमा आहे त्याचे कागद विमा कंपनीला पाठवायचे, कंपनीने शंका काढली की उत्तर द्यायचं, मंजुरी आली की पेशंटला घरी सोडायचं. मला घेतलं ते इंग्रजीमुळे. कंपनीचे ईमेल इंग्रजीत, फोनवरची माणसंही इंग्रजीत बोलणारी, आणि माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. अनोळखी माणसांशी बोलायला जमतं का, हे मुलाखतीत कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

खिडकीच्या पलीकडे सांगोल्याची, करमाळ्याची, अक्कलकोटकडची माणसं उभी असत. कुणाच्या हातात थर्मास, कुणाच्या काखेत एक्स-रेचं पाकीट. प्रश्न एकच असायचा, मंजुरी आली का. आणि बहुतेक वेळा माझं उत्तर एकच, अजून नाही. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा मी 'अजून नाही' म्हणायचे. हळू आवाजात म्हणायचे, म्हणून पुन्हा म्हणावं लागायचं.

त्या वर्षीच्या मार्चपर्यंत माझी गत अशी झाली होती, की सकाळी उठल्यावर जबडा दुखायचा. झोपेत दात आवळत होते. फोन वाजला की हातातलं सोडून मी उभी राहायचे, मग तो आत्याचा असो नाहीतर गॅसवाल्याचा. दुपारी डबा खाताना मी हाताच्या तळव्याने खिडकीची काच झाकते आहे, हे एकदा शेजारच्या टेबलावरच्या अक्काने बघितलं. अक्का म्हणजे माझ्याबरोबर काम करणारी. अक्कलकोटच्या अलीकडच्या गावची, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, घरी कन्नड बोलणारी. तिने आपली पाण्याची बाटली काचेला लावून ठेवली. त्यामुळे आडोसा झाला.

माझ्या फोनमध्ये राजीनाम्याचा मसुदा तयार होता. चार ओळी, इंग्रजीत, अगदी सभ्य. एप्रिलच्या शेवटी माझं प्रोबेशन संपणार होतं. कायम होण्याआधी सोडायचं की कायम होऊन बघायचं, एवढाच प्रश्न होता आणि तो मला एकटीला सोडवायचा होता. पप्पांना सांगण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या घरात काचेमागे खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली. पप्पा एकदा काही कारण काढून दवाखान्यात आले होते आणि लांबूनच खिडकीकडे बघून परत गेले होते. हे मला अक्काने सांगितलं.

सुट्टीत सावरायचे उपाय मी सगळे करून बघितले होते. एका अ‍ॅपवर एक बाई श्वास आत घ्या, बाहेर सोडा म्हणायची. तिचा इंग्रजी आवाज विमा कंपनीच्या फोनवरच्या बाईसारखा होता, म्हणून बंद केलं. कॉलेजच्या मैत्रिणीने सिनेमाला नेलं. मध्यंतरात मी तीन मेसेजना उत्तरं दिली. तलावावर फिरायला गेले, तिथे एका बाकावरून एक गृहस्थ उठून जवळ आले आणि म्हणाले, "तुम्ही दवाखान्यातल्या म्याडम की." त्यांच्या मेहुण्याची फाइल अडकली होती.

म्हणून मग मंगळवारी मी कॉटवर पडून राहायचे. फोन छातीवर. डेस्कच्या ग्रुपवर दर काही मिनिटांनी काहीतरी पडायचं. माझं नाव नसलं तरी मी वाचायचे. संध्याकाळी डोळे चुरचुरायचे आणि उद्या बुधवार आहे हे आठवायचं.

पप्पा हे बघत होते. ते कमीच बोलतात. मी कुणावर गेले, असं आमच्याकडे कुणी कधी विचारलेलं नाही.

पप्पा मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात एकटा बसणारा माणूस. पुढे पन्नासेक वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, त्यांच्यापुढे इंजिन, आणि मागे हा, झेंड्या आणि शिट्टी घेऊन. त्यांच्या कामाला दिवस-रात्र, सण, रविवार असं काही नव्हतं. गाडी आली की जायचं. पण त्या बदल्यात एक गोष्ट ठरलेली होती, रेस्ट. ड्यूटी संपवून सही केली की त्या वेळेपासून तास मोजायचे. लांबची ड्यूटी असेल तर सोळा तास. ते पुरे होईपर्यंत पुढची ड्यूटी लावायची नाही आणि लावायची झाली तरी दोन तास आधी निरोप द्यायचा. त्या निरोपाला 'कॉल' म्हणत. आता तो फोनवर येतो. माझ्या लहानपणी एक पिकलेल्या मिशांचे काका सायकलवरून वही घेऊन यायचे आणि पप्पा त्या वहीत सही करायचे.

रेस्ट पाळायची सगळ्या घराने. आम्ही तेव्हा रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. पप्पा आले, अंघोळ केली, जेवले, की आई खिडकीवर गोधडी टांगायची आणि बाहेरच्या दाराच्या कडीला पप्पांचा हिरवा टॉवेल अडकवायची. टॉवेल दिसला की आमच्या रांगेतलं कुणी कडी वाजवत नसे. दूधवाला पातेलं पायरीवर ठेवून जायचा. भाजीवाली आमचं दार येईपर्यंत ओरडायची, दारासमोरून गप्प जायची आणि पुढच्या दारापासून पुन्हा सुरू करायची. आई त्या वेळेत कुकर लावत नसे, डाळ उघड्या पातेल्यात शिजायची. शाळेतल्या इंग्रजी कविता मी कुजबुजत पाठ केल्या. वर्गात टीचर म्हणायच्या, लाउडर. मला ते कसं करायचं हेच कळायचं नाही.

त्या मार्चमधल्या एका सोमवारी मी सात वाजता डेस्कवरून उठले. त्या दिवशी जरा जास्तच झालं होतं. सांगोल्याकडचे एक आजोबा होते, हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, मंगळवारी घरी जायचे. संध्याकाळी कंपनीने शंका काढली की आधीच्या तपासणीचा मूळ रिपोर्ट पाठवा. आजोबांच्या मुलाने तो पिशवीतून शोधून मला दिला. मी तो पाठवायला घेतला तर पोर्टल चालेना. मग रिपोर्ट निळ्या फोल्डरमध्ये घालून ड्रॉवरमध्ये ठेवला, ड्रॉवरला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. मूळ कागद हरवू नये म्हणून. घरी जाऊन अक्काला मेसेज करू असं मनात होतं. घरी गेले, पडले, आणि विसरले.

मंगळवारी सकाळी चहा पिऊन मी पुन्हा आडवी झाले. ऊन चढायला लागलं होतं. पप्पा खोलीत आले. त्यांनी खिडकीवर जाड सतरंजी टांगली. मी बघत राहिले. त्यांनी माझा फोन चार्जरवरून काढला.

"किती वाजता सुटलीस काल?"

"सात. का?"

"बरं," म्हणाले आणि दार ओढून घेतलं. बाहेर कडीचा आवाज आला. त्यावर काय अडकवलं गेलं ते मला न बघता कळलं.

मी उठून फोन मागायला हवा होता. पण खोलीत अंधार होता आणि तो अंधार ओळखीचा होता. एरवी त्या अंधाराच्या बाहेर मी असायचे, चवड्यांवर चालत. आत कसं असतं ते मला माहीत नव्हतं. पाच मिनिटं पडू म्हटलं.

जाग आली तेव्हा चार वाजत आले होते. जबडा दुखत नव्हता. आधी तेवढंच जाणवलं. मग फोन आठवला.

बाहेर पप्पा दाराशेजारी खुर्ची टाकून बसले होते. शेजारच्या स्टुलावर माझा फोन, त्यांचा चष्मा आणि एक जुनी डायरी. बेचाळीस मेसेज, आठ कॉल, त्यातले तीन उचललेले. डायरीत पप्पांच्या सरळ अक्षरात नोंदी होत्या.

'१०.४० – डेस्क इन्चार्ज. कॉल नाकारला. रेस्ट पूर्ण नाही.
११.०५ – तेच. दोन तास आधी सूचना नाही. नाकारला.
१३.१० – तेच. साप्ताहिक रेस्ट असल्याचे कळविले. आवाज चढा.'

नंतर सरांनी, म्हणजे आमच्या डेस्क इन्चार्जनी, हे संभाषण मला दोन वेळा ऐकवलं, त्यामुळे ते मला पाठ आहे. सरांनी पहिल्यांदा फोन केला तेव्हा पप्पा म्हणाले, "कोण बोलतंय? पद सांगा." सरांनी पद सांगितलं. पप्पा म्हणाले, "ती काल एकोणीस वाजता सुटली. सोळा तास अकराला पुरे होतात. त्याच्या आधी कॉल देता येत नाही." सरांना वाटलं, अकराला उठते. त्यांनी अकरा पाचला फोन केला. तेव्हा पप्पा म्हणाले, "आता तुम्ही कॉल दिला असं धरलं तरी दोन तास लागतील." सरांनी एक दहाला केला. तेव्हा पप्पांनी शांतपणे विचारलं, "आज तिची आठवड्याची रेस्ट आहे हे तुमच्या रजिस्टरला नाही का?"

मी मात्र त्या वेळी फक्त मेसेज वाचत होते. निळा फोल्डर कुठाय. ड्रॉवर लॉक आहे. किल्ली. सांगोल्याचे पेशंट सकाळपासून थांबलेत. प्लीज रिप्लाय. मग अक्काचा एकच, 'बरी आहेस ना?'

"पप्पा, हे काय केलंत?"

"झोपली होतीस."

"उठवायचं ना मग. तिथे माणसं बसलीत सकाळपासून. माझं प्रोबेशन आहे. तुम्हाला काय वाटतं, ती काय रेल्वे आहे?"

पप्पा डायरी मिटायला लागले.

"तुमची रेल्वे संपली की आता," मी म्हणाले. "मला कशाला त्यात ओढता?"

मी मोठ्या आवाजात बोलले होते. आमच्या घरात तो आवाज कुणी ऐकला नव्हता, मीसुद्धा. आई आतून बाहेर आली आणि दारातच थांबली. पप्पांनी उठून कडीवरचा टॉवेल काढला, घडी घातली आणि खांद्यावर टाकला.

मी किल्ली घेऊन रिक्षाने दवाखान्यात गेले. आजोबा तिसऱ्या मजल्यावर कॉटच्या कडेला बसले होते. धोतर नेसून, टोपी घालून, पायात वहाणा. सकाळी नऊला तयार होऊन बसले होते म्हणे. मुलगा खाली माझ्या खिडकीपाशी होता. तीनची एसटी त्यांची गेली होती. मी खाली मान घालून ड्रॉवर उघडला, फोल्डर काढला, रिपोर्ट स्कॅनरवर ठेवला. पोर्टल चालू होतं. पाच मिनिटांचं काम होतं ते.

मंजुरीची वाट बघताना मुलगा काचेला टेकून फोनवर बोलत होता. मेंढरं शेजाऱ्याकडे सोपवून आला होता, आणि आता आणखी काही तास सांभाळ म्हणून सांगत होता.

"व्हय, लंगडती मागं ऱ्हाती, तिला पुढं घालू नगो. आन काळ्या कानाचं कोकरू आपल्या आईला पीत न्हाय, त्याला बाटली दे. सकाळी सांगितलंय की तुला समदं. पाणी वरच्या टाकीचं पाज, खालच्याचं नको." मग जरा थांबून, "आरं येतोच. म्याडम आल्यात आता."

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. मी बोलणी खायला तयार होते. मी त्याला काय सांगायचं तेही ठरवलं होतं, इंग्रजीत, मनातल्या मनात.

"म्याडम, आज तुमची सुट्टी व्हती म्हणं?"

"हो."

"मग कशाला धावत आला? किल्ली कुणाच्या तरी हाती द्याची की."

तो रागावला नव्हता. खरंच विचारत होता. पाऊण तासात मंजुरी आली. आजोबांना व्हीलचेअरवरून खाली आणलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले, आणि ते मला फार जड गेलं.

परतीच्या रिक्षात मला ते काळ्या कानाचं कोकरू डोक्यातून जाईना. एका दिवसासाठी निघालेल्या माणसाने कोण लंगडतं, कोण पीत नाही, पाणी कुठल्या टाकीचं, सगळं सांगून ठेवलं होतं. मी पाच फाइली अर्ध्यात सोडून उठले होते आणि कुलूप लावून आले होते. आणि रागावले होते ते पप्पांवर.

घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती. पप्पा दिसले नाहीत.

"गेलेत फिरायला," आई म्हणाली. "जेवायचं का तुला?"

मी ओट्याला टेकून उभी राहिले. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"केमचं तुला कधी सांगितलं नाही का गं आम्ही?"

"काय केमचं?"

"तू पाच वर्षांची असशील. एकदा पप्पा सकाळी आले, झोपले. मी टॉवेल लावला आणि नळावर गेले. तू खेळून आलीस, हात धुतलेस, कडीचा टॉवेल ओढलास, हात पुसलेस आणि तिथंच टाकून परत खेळायला. मग काय, कडीवर कडी. एक आला, दुसरा आला. वर्गणीवाले आले. शेजारची विळी मागायला आली. मी येईपर्यंत चारपाच जण येऊन गेले, आणि एकदा झोप मोडली की त्यांना परत लागत नाही. त्यात रात्री कॉल आला. तास भरले होते, वहीप्रमाणे रेस्ट पुरी. झोप झाली नाही म्हणून सांगा की, म्हटलं मी. पण त्यांना कुणाला नाही म्हणता येतं का? सही करून गेले."

तिने दुसरी भाकरी तव्यावर टाकली. मग वरून पाणी फिरवलं.

"दुसऱ्या दिवशी, उन्हाळ्याची दुपार. पत्र्याचा डबा तापलेला. केम स्टेशनातून गाडी जाते तेव्हा गार्डने हिरवी झेंडी दाखवायची असते, स्टेशनातला माणूसही दाखवतो, सगळं बरं आहे म्हणून. यांचा डबा गेला आणि झेंडी दिसलीच नाही. बसल्या जागी डोळा लागला होता. स्टेशनवाल्यांना वाटलं, गार्डला काही झालं, का पडलाच कुठं गाडीतून. पुढच्या स्टेशनात गाडी उभी केली. माणसं पळत आली मागे. बघतात तर हे उठून बसलेले, हातात झेंडी."

"मग?"

"मग काय. जबाब लिहून द्यावा लागला. झोप का लागली म्हणून विचारलं. मी म्हटलं, लिहा की खरं काय ते. घरात लहान पोर आहे, असं झालं. तर म्हणाले, पोरीचं कशाला लिहायचं कागदावर. रेस्ट पूर्ण झाली होती, चूक माझी, एवढंच लिहिलं. शिक्षा झाली ती झाली."

मला ते अजिबात आठवत नाही. टॉवेल आठवतो, त्याचा हिरवा रंग आठवतो, पण त्याला हात पुसल्याचं आठवत नाही. मी आईला विचारलं, मला रागावले होते का. आई म्हणाली, "कुणाला? तुला? छे. आले आणि कडीच्या वर एक खिळा ठोकला. टॉवेल तुझ्या हाताला लागू नये म्हणून."

खिळा मला आठवला. मला वाटायचं, सगळ्यांच्या दाराला तसा असतो.

पप्पा अंधार पडायच्या सुमाराला आले. हातात कोथिंबिरीची जुडी होती, घरात एक असताना. मी बाहेर पायरीवर बसले होते. मला माफी मागता येत नाही. इंग्रजीत सॉरी म्हणणं सोपं आहे, म्हणून तर ते पप्पांना म्हणवत नव्हतं.

"पप्पा," मी म्हणाले, "गार्ड बदलताना एक जण दुसऱ्याला काय सांगतो?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "चार्ज देतो."

"म्हणजे काय काय?"

पप्पा माझ्या खालच्या पायरीवर बसले. मग जे बोलले ते मी मोजलं नाही, पण एका वेळी एवढं बोललेलं मी त्यांना क्वचितच ऐकलं असेल. किती वाघिणी, शेवटची कुठली, कुठल्या वाघिणीचा ब्रेक चालत नाही, वाटेत कुठे गाडी हळू घ्यायची, कागद कुठे ठेवलेत. सगळं लिहून, वाचून दाखवून, दोघांच्या सह्या. "समोरच्याने सही केली की मग गाडी त्याची. मग तुला कुणी उठवत नाही. उठवून उपयोगच नसतो, तुझ्याकडे काही शिल्लकच नसतं." थोड्या वेळाने म्हणाले, "आज चुकलं माझं. चार्ज दिलायस की नाही हे आधी विचारायला पाहिजे होतं."

"मी दिला नव्हता."

"ते कळलं मला. तिसऱ्या फोनला कळलं," पप्पा म्हणाले. "पण तोवर तू घोरायला लागली होतीस."

बुधवारी सर रागावले. दोन वेळा तो फोन मला म्हणून दाखवला. दुसऱ्या वेळी सांगताना त्यांना स्वतःलाच हसू येत होतं, ते त्यांनी दाबलं. मग म्हणाले, "कन्फर्मेशनच्या फॉर्मवर मला हे लिहावं लागेल." मी "हो सर" म्हणाले. त्या आठवड्यात मी तो राजीनाम्याचा मसुदा रोज उघडला. पाठवायला काही लागत नव्हतं, एक बोट लागत होतं. पण आधी एक सोमवार चार्ज देऊन बघावा असं वाटत होतं. त्याने काही फरक पडला नाही, तर पुढच्या मंगळवारी पाठवायचा, असं ठरवलं.

पुढच्या सोमवारी सहा वाजता मी एक निळी दोनशे पानी वही काढली आणि अक्काच्या टेबलाशी गेले. माझ्या सात फाइली लिहिल्या होत्या. कुणाचं काय अडलंय, कंपनीतल्या कुणाला फोन करायचा, मूळ कागद कुठे आहेत, कुणाचे नातेवाईक घाबरट आहेत आणि त्यांना आधीच जाऊन सांगायचं. मी ते तिला वाचून दाखवलं. शेवटी ड्रॉवरची किल्ली तिच्यापुढे ठेवली आणि सही करायला सांगितलं.

"सही कशाला गं?" अक्का हसली. "लग्न लावायलीस का माझ्याशी?"

"कर ना."

तिने सही केली, कानडीत. मग वही उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "माझी सुट्टी शुक्रवारी असते. मीपण लिहू का यात?" तिने ते इतक्या हळू विचारलं की माझ्या लक्षात आलं, काचेला बाटली लावून ठेवण्याची गरज फक्त मला नव्हती.

मंगळवारी पप्पांनी सतरंजी टांगली. फोन मी स्वतः त्यांच्या हातात दिला. दार बंद झालं, कडी वाजली. मला झोप लागली नाही. आत पडून मी बाहेरचं ऐकत राहिले. आई पातेल्यात डाळ हलवत होती. कुकर असताना.

अकराच्या सुमाराला फोन वाजला. खुर्ची करकरली.

"बोला साहेब," पप्पांचा आवाज. "नाही, रेस्टवर आहे... हो. पण चार्ज दिलेला आहे. निळी वही. अक्कांकडे... तुम्ही बघा तर. मी धरतो."

मी छताकडे बघत होते आणि त्या फाइलीबद्दल वहीत काय लिहिलंय ते ओळीने आठवत होते. करमाळ्याची बाई, मणक्याचं ऑपरेशन, दुसरी शंका, डॉक्टरांची चिठ्ठी फाइलीच्या शेवटच्या पानामागे.

"सापडलं?" पप्पा म्हणाले. "शेवटच्या पानामागे. बरं. ठेवतो."

मग पेनचं टोपण काढल्याचा आवाज आला. ते नोंद करत होते.

एप्रिलच्या शेवटी मी कायम झाले. फॉर्मवर सरांनी एक ओळ लिहिली होती, सुट्टीच्या दिवशी अधिक उपलब्ध राहावे. मी ती वाचली आणि खाली सही केली. राजीनाम्याचा मसुदा मी पुसला नाही. तो फोनमध्ये कुठेतरी खाली खाली गेला असेल, शोधायला लागेल. जबडा अजूनही कधी कधी दुखतो, गुरुवारी-शुक्रवारी जास्त. वहीत आता डेस्कवरच्या चौघांची अक्षरं आहेत. गेल्या महिन्यात सरांचंही एक पान आलं, त्यांच्या मुलीचं बारसं होतं तेव्हा.

पण त्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. त्या दिवशी मी आत जागीच होते, हे पप्पांना ठाऊक असावं, कारण दाराच्या फटीतून त्यांनी हळूच विचारलं, "झोपलीस का?"

मी डोळे मिटून घेतले. मग ते आईला म्हणाले, "हळू हलव की डाळ."